पंखा आधी, मोटर नंतर
(वाचकांचे प्रश्न : रेडिओवर चालणाऱ्या विजेच्या होड्या)

गेल्या अंकात ब्रशलेस (म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरींवर मी दीड पान लिहिलं. त्यावर आलेली पत्रं पंधरा दिवस टेबलावर आहेत आणि रोज रात्री एकदोन वाचते आहे. जवळजवळ सगळ्या पत्रांत मोटरचा आकार, केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे), बॅटरीचे सेल, ईएससीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे) अँपियर असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. पंख्याचं माप मात्र फक्त दोघांनी दिलंय. (पंखा म्हणजे प्रोपेलर. आमच्याकडे फिरणाऱ्या पात्यांना सरसकट पंखाच म्हणत, ती सवय राहिली आहे.)

मी मोटर भरण्याच्या, म्हणजे जळालेली तार काढून नवे वेढे घालण्याच्या, दुकानात वाढले. जळालेली मोटर घेऊन कुणी आलं की वडील मोटर उघडायच्या आधी विचारायचे, "हिला काय जोडलं होतं?" पंप असेल तर पाणी किती उंच चढवत होता, गिरणी असेल तर पट्टा किती ताणला होता. निम्म्या वेळा दुखणं तिथेच सापडायचं. होड्यांच्या पत्रांना उत्तर लिहिताना माझ्याही तोंडी पहिला तोच प्रश्न येतो.

प्रश्न : ताई, माझी ७० सेंटीमीटरची वेगाची होडी आहे. ३६६० आकाराची २००० केव्हीची मोटर, ६० अँपियरचा पाण्याने थंड होणारा ईएससी, ४० मिलिमीटरचा दोन पात्यांचा पंखा. ३एस लायपोवर (सिरीजमध्ये तीन सेल असलेल्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) दोन वर्षं छान चालली. मोटर आणि ईएससी दोन्हींवर '४एसपर्यंत' असं छापलेलं आहे, म्हणून ४एस लावली. दुसऱ्याच फेरीला होडी मध्ये थांबली. उघडली तर वार्निशचा वास. दोन्ही वस्तू ४एसच्या असताना हे का झालं?

उत्तर : छापलेलं खरं आहे, पण ते फक्त व्होल्टबद्दल आहे. ईएससीतले ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर ४एसचा दाब सोसतील, एवढाच त्याचा अर्थ. करंट किती जाईल ते त्या छापात कुठेच नाही. करंट ठरवतो पंखा, आणि पंखा तुम्ही बदलला नाही.

हिशेब मांडून बघा. २००० केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे. ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट, म्हणजे २२,२०० फेरे. ४एस म्हणजे १४.८ व्होल्ट, म्हणजे २९,६००. फेरे एक तृतीयांशाने वाढले. पाण्याला मात्र ते फार जड जातं. पंखा जोरात फिरला की दर सेकंदाला जास्त पाणी मागे ढकलतो आणि तेच पाणी जास्त वेगानेही ढकलतो, म्हणून त्याला लागणारा पीळ, म्हणजे टॉर्क, फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. तो पीळ अधिक फेऱ्यांवर द्यायचा असल्यामुळे लागणारी शक्ती घनाने वाढते. १.३३ चा घन २.३७. तुमच्या होडीला ३एसवर ४५ अँपियर लागत होते असं धरलं तर ते साधारण ५०० वॅट होतात. ४एसवर त्याच पंख्याला जवळपास ११८५ वॅट लागतील, म्हणजे ८० अँपियर. तुमचा ईएससी ६०चा.

प्रत्यक्षात आकडे थोडे कमी येतात. भाराखाली बॅटरीचा व्होल्ट बसतो, शिवाय वेगात होडी उचलली गेली की पंखा अर्धा पाण्याबाहेर असतो. पण गुणोत्तर हेच राहतं आणि तुमच्या मोटरच्या तारेवरच्या जळक्या वार्निशनेही तेच सांगितलं.

आता दोन वाटा आहेत. पहिली, ४एस ठेवा आणि पंखा ३६ मिलिमीटरचा लावा, पीचचं (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकतो त्या अंतराचं) व्यासाशी प्रमाण तेच ठेवून. चार मिलिमीटरने काय होणार असं वाटेल, पण शक्तीचा हिशेब व्यासाच्या पाचव्या घाताने चालतो. ०.९ चा पाचवा घात ०.५९. म्हणजे ११८५ वॅटचे ७०० होतात आणि करंट येतो ४७ अँपियर. पूर्वीइतकाच करंट, शक्ती चाळीस टक्के जास्त, आणि पीच व फेरे मिळून होडीचा वेगही वाढलेला. दुसरी वाट, ४० मिलिमीटरचाच पंखा ठेवा आणि मोटर १५०० केव्हीची घ्या. १५०० गुणिले १४.८ पुन्हा २२,२०० फेरे, तेच ५०० वॅट, पण करंट ४५ऐवजी ३४. होडीचा वेग पूर्वीचाच राहील, सगळं गार मात्र चालेल. मला विचाराल तर तुमच्यासाठी पहिली. पंखा मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो आणि घालायला पाच मिनिटं लागतात.

नवा पंखा लावल्यावर पहिली धाव तीस सेकंदांची. होडी परत आणा, मोटर, ईएससी, बॅटरी आणि कनेक्टर यांना बोट लावा. बोट दोनतीन सेकंदही टिकलं नाही तर तापमान साठ अंशांच्या आसपास किंवा वर गेलंय, पंखा आणखी लहान करा. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॅटमीटर लावून मोजता आलं तर फारच उत्तम.

आणि ती वास आलेली मोटर. लगेच जोडू नका. या मोटरीच्या कॉइलचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की साध्या मल्टिमीटरने काही कळत नाही. तिन्ही वायरी एकमेकींपासून सुट्या धरा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. चुंबकाचे हलके खटके लागतील, ते ठीक. पण वायरी सुट्या असतानाही शाफ्ट मधातून फिरवल्यासारखा जड वाटला तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत, मोटर गेली. हलका फिरला तर दोन-दोन वायरींची टोकं जोडून पुन्हा फिरवा. तिन्ही जोड्यांना सारखाच अडथळा यायला हवा. एवढं होऊनही एक शंका उरते. जास्त तापलं की निओडिमियम चुंबकांची ताकद कायमची कमी होते. चुंबक दुबळा झाला की मोटरचा केव्ही वाढतो आणि ती त्याच पंख्यावर पूर्वीपेक्षा जास्त करंट ओढते. मोटर विनाभार पूर्वीपेक्षा जास्त करंट घेऊ लागली असेल तर मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही.

प्रश्न : माझ्या भावाच्या मोटरवर ३६०० केव्ही लिहिलंय. शाळेत आम्हाला केव्ही म्हणजे किलोव्होल्ट शिकवलं. मग हात लावला तर शॉक बसेल का? (इयत्ता सातवी)

उत्तर : तुझी शंका अगदी योग्य आहे, उच्चार एकच असल्यामुळे मोठ्या माणसांचाही घोटाळा होतो. इथे 'के' म्हणजे स्थिरांक आणि 'व्ही' म्हणजे व्हेलॉसिटी, वेग. एका व्होल्टला किती फेरे, एवढंच. भावाची बॅटरी २एसची असेल तर फक्त ७.४ व्होल्ट, शॉक बसणार नाही. पण ७.४ गुणिले ३६०० कर. मिनिटाला साडेसव्वीस हजारांहून जास्त फेरे येतात. घाबरायचं ते पंख्याच्या पात्याला. बॅटरी जोडलेली असताना तिथे बोट न्यायचं नाही, होडी बंद दिसली तरी.

प्रश्न : ३६७४ आकाराच्या दोन मोटरी पाहिल्या, १४०० आणि २२०० केव्हीच्या. वजन आणि किंमत सारखी. जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद, असं मला सांगण्यात आलं. ४एससाठी २२०० घेऊ ना?

उत्तर : ४एससाठी २२०० घ्या, पण ज्या कारणाने घेताय ते कारण चुकीचं आहे. हा गैरसमज मला फार खुपतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

३६७४ म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास आणि ७४ मिलिमीटर लांबी. दोन्ही मोटरींत लोखंड तेवढंच, चुंबक तेच, तांबंही जवळपास तेवढंच. फरक फक्त भरणाऱ्याने किती वेढे घातले याचा. समजा १४००च्या मोटरीत दर कॉइलला ११ वेढे आहेत. तीच २२०० केव्हीची करायची तर ७ वेढे घालायचे. ११ गुणिले १४०० आणि ७ गुणिले २२००, दोन्हीकडे १५,४००च येतात. वेढे कमी झाले की स्लॉटमध्ये जागा उरते, म्हणून तार जाड घ्यायची. लहानपणी दुकानात वेढे मोजायचं काम माझ्याकडे होतं. एक वेढा चुकला तरी वडील अख्खी कॉइल सोडवायला लावायचे. तेव्हा राग यायचा. आज लिहिताना कळतंय की एका वेढ्याने मोटरचा सगळा स्वभाव बदलतो.

आता ताकद. एका अँपियरला मिळणारा पीळ म्हणजे ९.५५ भागिले केव्ही, न्यूटन-मीटरमध्ये. १४००ची मोटर दर अँपियरला ०.००६८ देते, २२००ची ०.००४३. म्हणजे कमी केव्हीची मोटर दर अँपियरला जास्त पीळ देते. पण तिची तार बारीक आणि लांब असल्यामुळे रेझिस्टन्स साधारण अडीचपट असतो. सारखा पीळ काढायचा तर दोघींची उष्णता अखेर सारखीच येते. ताकद केव्हीत नाही. ती तांब्यात, लोखंडात आणि ती उष्णता बाहेर काढण्यात आहे. (डेल्टा आणि स्टार या कॉइलची टोकं जोडायच्या दोन पद्धती. तीच कॉइल डेल्टाऐवजी स्टारमध्ये जोडली की केव्ही १.७३ पटीने उतरतो, एक इंचही तार न बदलता. ज्यांनी मोटर भरली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

मग निवड कशावरून? फेऱ्यांवरून. अर्धा पंखा पाण्याबाहेर ठेवून पळणाऱ्या वेगाच्या होडीला विनाभार २५ ते ३५ हजार फेरे लागतात. पहिली होडी असेल तर मी ३०च्या आत राहायला सांगते. २२०० केव्ही ४एसवर ३२,५६० देते, लहान पंख्याने चालेल. १४०० केव्ही ४एसवर २०,७२० देते, होडी सुस्त वाटेल किंवा मोठा पंखा घालावा लागेल. पण १४००चीच मोटर ६एसवर, म्हणजे २२.२ व्होल्टवर, ३१,०८० फेरे देते. तेवढंच काम, पण वायरींतून जाणारा करंट दोन तृतीयांश. ईएससी, कनेक्टर, झाळलेले जोड सगळ्यांना दिलासा. होडीत ६एसची जागा असेल आणि ईएससी ६एसचा घेणार असाल, तर मी १४००च घेईन.

प्रश्न : निवृत्तीनंतर एक मीटरची टगबोट बांधली आहे, वजन नऊ किलो. पितळेचा चार पात्यांचा ६० मिलिमीटरचा पंखा. जुनी ब्रशची मोटर आणि १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी काढून ब्रशलेस आणि ३एस लावायचं आहे. एका स्नेह्याने २००० केव्हीची मोटर देऊ केली आहे.

उत्तर : स्नेह्यांचे आभार माना आणि मोटर परत करा. २२,२०० फेऱ्यांवर तो पितळी पंखा त्या मोटरला फिरवताच येणार नाही. ती फेरे गाठायची धडपड करील, करंट ओढत राहील आणि जळेल. टगला संथ, जड पीळ लागतो, मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेरे. ३एसवर ३००च्या आसपास केव्ही, ११.१ गुणिले ३०० म्हणजे ३,३३०. इतका कमी केव्ही आउटरनर मोटरींत मिळतो, ज्यांचं बाहेरचं भांडंच फिरतं. तिच्याभोवती पाण्याची जॅकेट बसत नाही, पण तुमच्या संथ चालीला तिची गरजही पडू नये. फिरत्या भांड्याला वायर घासणार नाही एवढं बघा.

तीन गोष्टी सांभाळा. ईएससी होडीचाच घ्या, रिव्हर्स असलेला. विमानाचा मागे फिरत नाही आणि रिव्हर्स नसलेली टग धक्क्याला लावता येत नाही. दुसरं, सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी हळू फिरताना अडखळते, कारण ती थांबलेली असताना रोटर कुठे आहे हे ईएससीला कळत नाही. तुम्हाला टग मुंगीच्या पावलाने सरकवायची असेल तर सेन्सरवाली जोडी घ्या. तिसरं, लेड-अॅसिड बॅटरी दोनअडीच किलोची असते आणि लायपो तिच्या मानाने काहीच नाही. तेवढं वजन तळाशी परत घाला, नाहीतर बोट वर तरंगेल आणि पंखा हवा खाईल.

मनातलं सांगते. जुनी ब्रशची मोटर नीट चालत असेल तर ती राहू द्या. टगच्या चालीला ती शोभते, हळू फिरताना अडखळत नाही, आणि तिचे कार्बन बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न : दोन २एस बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ४एस केली तर चालेल ना? एक नवी ५००० एमएएचची (मिलिअँपियर-तासांची) आहे, एक जुनी ४०००ची.

उत्तर : सिरीजमध्ये जोडून चालेल, पण ही जोडी नको. दोन्हींतून करंट सारखाच जातो, म्हणून लहान आणि जुनी बॅटरी आधी रिकामी होते. ईएससी फक्त एकूण व्होल्ट पाहतो. कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टला ईएससी मोटर थांबवतो तो आकडा, सेलमागे ३.२ ठेवलात तर तो १२.८ व्होल्टला थांबेल. त्या क्षणी नवी ७.२ वर असेल आणि जुनी ५.६ वर, म्हणजे सेलमागे २.८. बेरीज बरोबर १२.८, आणि जुनीचे सेल मेले. पुढच्या चार्जला ती फुगेल. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच क्षमतेच्या दोन बॅटऱ्या घ्या, दोघींवर एकच खूण करा आणि कायम जोडीनेच वापरा.

प्रश्न : माझा १२० अँपियरचा ईएससी ७० अँपियरवर फुटला. पंखा बरोबर, पाणी खेळतं, मोटर गार. होडी लांब असल्याने बॅटरी पुढे आणि बाकी सगळं मागे आहे.

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मला माझीच होडी आठवली. सव्वा मीटरची, बॅटरी नाकाशी. मी बॅटरीच्या वायरी चाळीस सेंटीमीटरने वाढवल्या, जाड तार घेतली, जोड सुंदर झाळले. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या मध्यावर टप् असा आवाज आला. ईएससीचे कपॅसिटर डोक्यावर फुगून फाटले होते. मी सकाळभर मोटर तपासत बसले आणि मोटरला काहीही झालेलं नव्हतं.

ईएससी करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. लांब वायर या बदलाला विरोध करते आणि दर वेळी व्होल्टला उसळी येते. ती उसळी कपॅसिटर झेलतात, तापतात, कोरडे पडतात आणि मग ट्रान्झिस्टर जातात. अँपियर किती शिल्लक होते याला तिथे काही अर्थ राहत नाही. म्हणून ईएससी बॅटरीजवळ ठेवा आणि मोटरच्या तीन वायरी वाढवा. त्या बाजूला लांबी चालते. ईएससी मागेच ठेवणं भाग असेल तर त्याच्या तोंडाशी कमी ईएसआरचे (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) कपॅसिटर जोडा. मी दर दहा सेंटीमीटर जादा लांबीला २२० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा, असा धरते, ६एसपर्यंत. धन टोक धनालाच, उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो. आणि लाल-काळी वायर शेजारी शेजारी न्या, होडीच्या दोन कडांनी नको.

प्रश्न : नातीबरोबर होडी चालवतो. ५००० एमएएचची बॅटरी कटऑफ लागेपर्यंत सहा मिनिटं पुरायची. गेल्या दोन रविवारी चारच मिनिटं. आम्ही काहीही बदललेलं नाही. नवी बॅटरी घ्यावी का?

उत्तर : आजोबा, आधी चार्जरला विचारा. बॅटरीतला ८० टक्के भाग वापरला, म्हणजे ४००० एमएएच, तर सहा मिनिटांत सरासरी ४० अँपियर होतात आणि चार मिनिटांत ६०. आता पुढच्या धावेनंतर चार्ज करताना चार्जर किती एमएएच परत भरतो ते नातीला लिहून ठेवायला सांगा. २७००च्या आसपास भरले तर होडी पूर्वीसारखेच ४० अँपियर घेते आहे आणि बॅटरीच म्हातारी झाली. नवी घ्या.

पण ४००० भरले तर बॅटरी चांगली आहे आणि होडी दीडपट करंट ओढते आहे. मग मागे बघा. पंख्याच्या मागे शाफ्टवर गवत किंवा मासेमारीची दोरी गुंडाळली गेली की बाहेरून दिसतही नाही. पात्याचं टोक दगडाला लागून वाकलं असेल. लवचिक शाफ्टचं ग्रीस पाण्याने धुऊन गेलं असेल, तर शाफ्ट बाहेर काढून पुसा आणि नवं लावा. परत बसवताना ड्राइव्ह डॉग (पंख्याला पकडून फिरवणारा शाफ्टवरचा तुकडा) आणि शाफ्टची नळी यांच्यात दोनतीन मिलिमीटरची फट ठेवा. पीळ बसला की असा शाफ्ट आखूड होतो, फट नसेल तर तो आत घासत राहतो आणि मोटर त्या घासण्याचाही करंट भरते. हे सगळं नात करू शकेल. फक्त बॅटरी आधी होडीतून काढून बाजूला ठेवा, मगच तिच्या हातात पंखा द्या.